सव्वा युनिट

आज सकाळी मागच्या घरी कुणीतरी लाकूड फोडायला काढलं. ओंडका एका घावात दुभंगला, तर कुऱ्हाडीच्या आवाजामागून दोन फाका जमिनीवर पडल्याचा हलका आवाज येतो. नाही दुभंगला, तर नुसताच एक बद्द आवाज येतो आणि मग बराच वेळ शांतता, कारण तो माणूस लाकडात रुतलेलं पातं हिसके देऊन सोडवत असतो. श्रूजबरी ह्या आमच्या अमेरिकन गावात ऑक्टोबर संपत आला की हे सुरू होतं. मी चहा पिता पिता मोजत होतो. बारा घावांत सात ओंडके. नवा माणूस असावा.

मोजायची सवय जुनी आहे. मी दापोलीजवळच्या एका गावात वाढलो, पुण्यात शिकलो आणि इथे एका कारखान्यात गेली सोळा वर्षं मापं तपासायचं काम करतो. यंत्रातून निघालेला भाग नकाशातल्या आकड्याबरहुकूम आहे की नाही, एवढंच बघायचं. मला ते काम आवडतं. पण सहा वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात मी तेच काम घरात केलं, आणि लाकूड फोडायचा आवाज आला की तो अख्खा हिवाळा माझ्या उजव्या खांद्यातून वर चढतो.

त्याच्या आदल्या वर्षी आम्ही हे घर घेतलं होतं. स्वयंपाक, पाणी, ऊब, सगळं विजेवर. घर दाखवणाऱ्या बाईंनी ते कौतुकाने सांगितलं: धूर नाही, राख नाही, तेलाची टाकी नाही. प्रत्येक खोलीत भिंतीच्या तळाशी पत्र्याची एक लांब पेटी, तिच्यात तापणारी तार, आणि भिंतीवर एक गोल खटका. फिरवला की पत्रा टिक टिक करत तापायचा. दिवाणखान्यात विटांची एक शेकोटी आणि धुराडं होतं, पण ते शोभेचं. पहिल्या जानेवारीचं बिल आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं आणि बाहेर जाऊन मीटर वाचला, कारण चूक कंपनीची असणार याची मला खात्री होती. चूक नव्हती. रोजची शंभरावर युनिटं. बिल घराच्या हप्त्याच्या निम्म्याहून जास्त होतं.

त्या दिवशी मी मीटरपुढे पहिल्यांदा नीट उभा राहिलो. काचेच्या बरणीत एक आडवी चकती फिरत असते आणि तिच्या कडेवर एक काळी खूण असते. खूण एकदा समोरून गेली की चकतीचा एक फेरा झाला. त्या थंडीत, सगळे हीटर लागलेले असताना, खूण आली म्हणेपर्यंत निघून जात होती. कुणीतरी घराच्या भिंतीला तोंड लावून शोषून घेतंय आणि मी उभा राहून बघतोय, असं मला वाटलं. मला इतका राग आयुष्यात फार थोड्या वेळा आला आहे. पायाने बर्फाचं एक ढेकूळ उडवून मी आत आलो.

पुढचा उन्हाळा मी तयारीत घालवला. शेकोटीपुढे बसवायला बिडाची एक जुनी भट्टी आणली आणि तिचं नळकांडं धुराड्याला जोडलं. लाकडाची सोय फ्रँकने केली. फ्रँक म्हणजे आमचा शेजारी, सत्तरीतला, निवृत्त सुतार. जूनमधल्या वादळात त्याच्या अंगणातलं मेपलचं मोठं झाड मुळासकट आडवं पडलं होतं. तोडून नेलंस तर फुकट, असं तो म्हणाला, आणि एक घणासारखी जड कुऱ्हाड माझ्या हातात दिली. मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि तोपर्यंत नारळ सोडून काही फोडलेलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात तळहात सोलले. दुसऱ्या आठवड्यात एक फाक उडून नडगीवर बसली, तिचा खळगा अजून आहे. तिसऱ्या आठवड्यात मला ते आवडायला लागलं, हे लिहायला हवं. कुऱ्हाड डोक्यामागून येते, कमरेतून जोर जातो, आणि एवढं मोठं झाड पावसाने भिजलेल्या पुस्तकासारखं उलगडतं. एकेका ओंडक्याला मी मनात नावं द्यायचो. हे मार्चचं बिल. हा आमचा फोरमन. हा पुन्हा मार्चच. संध्याकाळी माझ्या सदऱ्याला ओल्या सालीचा, आंबूस गोड वास येई आणि माझी बायको नलू म्हणे, "अहो, आंघोळ करा. खाटकाच्या दुकानातून आल्यासारखे दिसताय."

फ्रँक कुंपणापलीकडून बघत असे. "हे लाकूड पुढच्या हिवाळ्याचं आहे, शेजारी," तो एकदा म्हणाला. "ओलं आहे. वर्षभर वाळू दे."

"मला थंडी ह्या हिवाळ्यात वाजणार आहे," मी म्हणालो.

"जाळलंस तर रडेल ते."

"रडू दे."

आणि ते रडलं. नोव्हेंबरात भट्टी पेटवली तेव्हा प्रत्येक फाकेच्या दोन्ही टोकांतून फेस यायचा आणि बारीक शिटी वाजायची. मी हवेची झडप जवळजवळ बंद ठेवायचो, म्हणजे एक भरण चार तासांऐवजी सात तास पुरायचं. ज्या दिवशी भट्टी पेटली त्याच दिवशी मी विजेच्या डब्यातली सगळ्या हीटरांची बटणं खाली पाडली. कोपऱ्यातली उत्तरेकडची खोली भट्टीपासून सर्वांत लांब होती. ती शमाची. शमा आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची.

माझी वही अजून आहे. रोज सकाळी साडेसहाला मीटरचा आकडा, आणि खाली प्रत्येक खोलीचं तापमान, फॅरनहाइटमध्ये. दिवाणखाना अडुसष्ट. स्वयंपाकघर बासष्ट. शमाची खोली बावन्न, म्हणजे जेमतेम अकरा सेल्सियस. दुसऱ्या दिवशी बावन्न. तिसऱ्या दिवशी एकावन्न. माझ्या हातचे, वळणदार, एकाखाली एक आकडे. तेव्हा मी ते नुसते उतरवत होतो. तिच्या खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने बर्फाची नक्षी धरायची, तीही मी एकदा समासात नोंदली आहे.

"आय'म कोल्ड, बाबा," शमा म्हणायची.

"स्वेटरवर स्वेटर घाल."

"आय हॅव थ्री ऑन."

नलू पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "अहो, एक सुचवू? फ्रिज बंद करा. दूध शमाच्या खोलीत ठेवू, चांगलं आठवडाभर टिकेल." आम्ही तिघं हसलो होतो. शमाही. हे आठवतं, कारण त्यानंतर बराच काळ तसं हसणं झालं नाही.

रोजच्या शंभर युनिटांवरून मी तेविसांवर आलो होतो. पाणी तापवायला बारा, स्वयंपाकाला चार, फ्रिजला चार, दिवे आणि किरकोळ पावणेदोन. बेरीज पावणेबावीस. मीटर रोज तेवीस दाखवायचा. सव्वा युनिटाचा हिशोब लागत नव्हता.

सव्वा युनिट म्हणजे फार थोडं. कारखान्यात इतका फरक मी पास केला असता. पण डिसेंबरात बाहेर बर्फाचा पाऊस झाला, झाडांच्या फांद्या काचेसारख्या जड झाल्या आणि दिवसभर बंदुकीच्या बारांसारख्या तुटून पडत होत्या, आणि मी तळघरात वही मांडीवर घेऊन तो सव्वा शोधत होतो. फ्रिजचं दार सैल आहे का, बघितलं. नलूच्या मिक्सरला घड्याळ लावलं. नलूने सांगितलं की ती चटणी आता पाट्यावर वाटेल, फक्त पाटा मी दापोलीहून आणून द्यावा.

एका रविवारी सकाळी मी पाण्याचं, फ्रिजचं, स्वयंपाकघराचं बटण पाडलं आणि बाहेर मीटरपुढे उभा राहिलो. चकती जवळजवळ थांबली होती. पायांखाली बर्फ करकरत होता, श्वास मिशीवर गोठत होता. सात-आठ मिनिटं गेली असतील. आणि चकती धावायला लागली. एकदम, दचकल्यासारखी. मी घड्याळ लावलं. बावीस सेकंदांत एक फेरा. गुणाकार मला तोंडी येत होता: बाराशे वॉट. चोर सापडला होता. मला आनंद झाला होता, हेही लिहायला हवं.

बूट न काढता मी आत गेलो. शमाच्या दाराआडून बारीक गुणगुण येत होती. दार ढकललं. पलंगावर रजईचा तंबू झाला होता आणि आवाज तंबूतून येत होता. मी रजई ओढली. आत ती पाय पोटाशी घेऊन बसली होती, नलूचं केस वाळवायचं यंत्र दोन्ही हातांत धरून, त्याची गरम हवा पायांच्या बोटांवर सोडत. गाल लाल झाले होते. डोळे मिटलेले होते. तिचा चेहरा त्या हिवाळ्यात मी इतका सुखी पाहिला नव्हता. तो तसा फार तर एक सेकंद राहिला. मी वायर हिसकली आणि तिच्या थोबाडीत मारली.

मी काय बोललो तेही मला आठवतं. "सव्वा युनिट," मी म्हणालो. "रोज सव्वा युनिट."

हात उघडा होता, पण त्या हाताने सहा महिने लाकूड फोडलं होतं. तिचं डोकं पलंगाच्या कडेवर आपटलं. ती रडली नाही. तिने माझ्या बुटांकडे बघितलं, त्यांच्यावरचा बर्फ गालिच्यावर वितळत होता. नलू धावत आली. तिने आधी शमाला जवळ घेतलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "विजेसाठी?"

दुसऱ्या दिवशीची नोंद: एकवीस पूर्णांक आठ. तिच्याखाली मी पट्टीने सरळ रेघ मारली आहे. हिशोब लागला की मी तशी रेघ मारतो.

यंत्र मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. शमा माझ्याशी बोलेनाशी झाली. विचारलं तर "येस", "नो", "ओके". मी खोलीत आलो की दिवा बंद करून उठायची, अभ्यास अर्धा असला तरी. मी "राहू दे" म्हणायचो. ती ऐकायची नाही. असा महिना गेला.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. वूस्टरपर्यंतच्या दहा-बारा जणी येणार होत्या. सोय म्हणून दिवस शनिवारचा धरला होता, आणि बाहेर शून्याखाली पारा होता. सकाळी नलू म्हणाली, "आज घर तापलेलं हवं. बायका साड्या नेसून येतील, त्यांनी काय कोट घालून वाण घ्यायचं?"

"तापेल," मी म्हणालो. मला घर नलूच्या बायकांसाठी तापवायचं नव्हतं. कोपऱ्यातली खोली बावन्नावरून पासष्टावर न्यायची होती, तेवढंच डोक्यात होतं. तोंडाने मला काही बोलता येत नव्हतं. निदान उबेने बोलावं. हीटरची बटणं वर करायला तीन सेकंद लागले असते. पण बटणं वर करणं म्हणजे हरणं, असं मला वाटत होतं.

मी तळघरातून करवंट्यांचं पोतं आणलं. वर्षभरात फोडलेल्या नारळांच्या करवंट्या मी टाकू दिल्या नव्हत्या, आणि इतर मराठी घरांतूनही मागून आणल्या होत्या. लहानपणी आमच्याकडे परसात तांब्याचा बंब होता. दोन करवंट्या टाकल्या की घरभराच्या आंघोळीचं पाणी उकळायचं. करवंटी धूर करत नाही, रडत नाही, तडतडते आणि पिवळीधमक पेटते. बंब उघड्यावर असतो, त्याच्यावर आढं नसतं, धुराड्यात तीन महिन्यांच्या ओल्या लाकडाचं डांबर साठलेलं नसतं, हे माझ्या मनात आलं नाही. फ्रँकला सुचलं असतं, पण त्याने करवंटी कधी पाहिली नव्हती. मी चौदा करवंट्या टाकल्या आणि झडप पूर्ण उघडली.

आधी भट्टी लाल झाली. मग नळकांडं खालून वर लाल होत गेलं. आणि मग आतल्या डांबराने पेट घेतला आणि धुराडं गरजायला लागलं. त्या आवाजाला मला आजही शब्द सापडत नाही. घरातल्या घरात एखादं जनावर चढत वर जावं आणि त्याला बाहेर पडायला जागा मिळू नये, तसा. भिंतीवरच्या चौकटी थरथरल्या. नळकांड्याचा सांधा निसटला आणि काळा, चिकट धूर खोलीत लोटला. खिडकीबाहेर बर्फावर ठिणग्या पडत होत्या.

"नलू, बाहेर! फ्रँककडून फोन कर," मी ओरडलो, आणि ती चपलांशिवाय पळाली. मी शमाच्या खोलीकडे धावलो. खोली रिकामी होती. न्हाणीघराचं दार आतून बंद होतं आणि आतून तीच गुणगुण येत होती. नलूने सकाळी कपाट उघडून यंत्र तिला दिलं होतं, ओल्या केसांनी हळदीकुंकवात कशी बसेल म्हणून.

मी दारावर मूठ आपटली. "शमा, दार उघड!"

गुणगुण थांबली. दार उघडलं नाही.

"शमा!" मी दोन्ही मुठींनी दार बडवलं. आतून काहीच आवाज नाही. धूर आता छतापासून माझ्या खांद्यांपर्यंत उतरला होता. तिला आत घुसमटायला झालं, ती पडली, असं मला वाटलं. मी परत धावलो, दाराशी ठेवलेली कुऱ्हाड उचलली आणि न्हाणीघराच्या दारावर घातली. पाइनचं पातळ दार. दुसऱ्या घावाला मधली फळी फुटली, तिसऱ्याला कडी उडाली.

शमा पडलेली नव्हती. ती कोरड्या टबात उभी होती, भिंतीला पाठ लावून. केस अर्धे ओले. दोन्ही हात पाठीमागे, त्यांत ते यंत्र लपवलेलं. माझ्या मागे घर जळत होतं हे तिला माहीत नव्हतं. दार फोडून आत आलेला बाप आणि त्याच्या हातातली कुऱ्हाड एवढंच तिला दिसत होतं. महिनाभर इंग्रजीत एकेक शब्द बोलणारी ती मुलगी मराठीत म्हणाली,

"पाचच मिनिटं लावला, बाबा. पाचच मिनिटं."

पाच मिनिटं म्हणजे एक दशांश युनिट. हे गणित माझ्या डोक्यात आपोआप झालं. तिथे, त्या धुरात, कुऱ्हाड हातात असताना झालं. मी ते थांबवू शकलो नाही. त्या हिवाळ्यातल्या सगळ्या गोष्टींपैकी ही एक मी नलूलाही कधी सांगितलेली नाही.

मी तिला उचलून बाहेर नेलं. ती लाकडासारखी ताठ होती. फ्रँकने हात पुढे केले आणि ती माझ्याकडून त्याच्याकडे गेली. आगीच्या बंबवाल्यांनी धुराड्यात आग विझवायच्या भुकटीच्या पिशव्या टाकल्या, मग कुऱ्हाडींनी आणि लोखंडी आकड्यांनी दिवाणखान्याची भिंत छतापर्यंत फोडून काढली, आत कुठे धुमसतंय का ते बघायला. तिळगुळाचं ताट त्यांच्या बुटांखाली गेलं. दुपारी बायका आल्या तेव्हा नलूने त्यांना फ्रँकच्या स्वयंपाकघरात बसवलं आणि तिथे, आपापले कोट घालून, त्यांनी हळदीकुंकू केलं. फ्रँकलाही तिळगूळ दिला. शमा त्याच्या घोंगडीत गुंडाळून कोपऱ्यात बसली होती. मी दारात उभा राहिलो, तर ती खाली बघायची. माझ्या बुटांकडे.

त्या रात्रीपासून सगळी बटणं वर आहेत. भट्टी मी भंगारात दिली. मग दोन वर्षं मी माळ्यावर जाड लोकर पसरली, खिडक्यांना दुसऱ्या काचा लावल्या, पाण्याच्या टाकीला रजई शिवावी तसं वेष्टण घातलं, दारांच्या फटी भरल्या. आता कडक हिवाळ्यात रोजचा खर्च साठ युनिटांच्या आत बसतो, आणि कोपऱ्यातली खोली अडुसष्ट असते. हे सगळं आधीच करता आलं असतं. त्या कामात घाम येतो, पण त्यात कुणाला पकडायचं नसतं, म्हणून मला ते तेव्हा सुचलं नसावं.

शमा आता सतराची आहे. पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल. आम्ही बोलतो. गाडी, अर्ज, हवामान, सगळं बोलतो. त्या दिवसाबद्दल एकदाच बोललो, गेल्या उन्हाळ्यात, गाडीत, दोघंही समोर रस्त्याकडे बघत असताना. मी विचारलं, "तेव्हा दार का उघडलं नाहीस?" ती मग म्हणाली, "तुमचे पाय दिसायचे, बाबा. दाराखालून. द होल मंथ. मी आंघोळीला गेले की तुम्ही बाहेर उभे असायचात. आय थॉट यू वेअर काउंटिंग."

मी मोजतच होतो. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "आय नो."

आज सकाळी तो लाकूडवाला आठव्या ओंडक्याशी झटत होता तेव्हा मी कप ठेवून मफलर आणायला आत गेलो. कपाट न्हाणीघराच्या दाराला लागून आहे. आत केस वाळवायची गुणगुण चालू होती. मी कपाट उघडलं, आणि गुणगुण थांबली.

मी खाली बघितलं. दाराच्या फटीतून उजेडाची पट्टी येत होती आणि तिच्यात माझे दोन्ही पाय होते.

"बाबा?" आतून आवाज आला.

"मफलर घेतोय," मी म्हणालो. "केस नीट वाळव. बाहेर थंडी आहे."

"ओके."

पण गुणगुण सुरू झाली नाही. मी तिथे थांबलो असतो तर ती झालीच नसती. मी मफलर न घेताच निघालो, स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडलो आणि वळसा घालून मीटरपाशी गेलो. गवतावर पहिलं दहिवर गोठलं होतं. चकती सावकाश फिरत होती. काळी खूण आली, रेंगाळली, गेली. मी कानाने काही ऐकू शकत नव्हतो, भिंत आता चांगली जाड आहे. नुसता बघत उभा राहिलो. पलीकडे ओंडका शेवटी फुटला आणि दोन फाका पडल्या.

मग चकती धावायला लागली.

मनगटावर घड्याळ होतं. मी बाही खाली ओढली आणि खूण जाताना बघत राहिलो, पुन्हा, आणि पुन्हा. बराच वेळ ती थांबली नाही.